अण्णांनी गल्लीत खुर्ची मांडली

आमच्या घरात गुपित असं काही राहायचंच नाही, कारण अण्णांना हळू बोलता येत नव्हतं. भोसरीच्या एका कारखान्यात ते हॅमरवर होते. तापवून लाल केलेल्या लोखंडावर दिवसभर आदळत राहणारा तो घण, त्याच्या शेजारी उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे इतरांनाही येत नसणार अशी त्यांची समजूत होती. जेवताना ते आईला खालच्या आवाजात म्हणून जे सांगायचे ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं. पिंपळे गुरवात तात्यांच्या चाळीतल्या दोन खोल्या आमच्याकडे होत्या. तात्या म्हणजे आमचे घरमालक, मूळ गावातले. जमीन गेली, तिथे चाळ आली, तरी चाळीच्या मागे त्यांनी दोन म्हशी हट्टाने ठेवल्या होत्या. पहाटे आधी त्या म्हशी रेकायच्या, मग पहिल्या शिफ्टच्या बसचा हॉर्न, मग नळावरच्या कळश्या, आणि मग कोपऱ्यावरच्या शेडमधलं लेथ मशीन सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत दातदुखीसारखं चालू राहायचं. आई त्या आवाजावरच भाकरी थापायची. आम्ही लातूरकडचे, त्यामुळे घरात ज्वारी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि पाहुणे आले की धपाटे. आता मी निगडीत प्राधिकरणात राहते, इथे दुपारी पाखराचासुद्धा आवाज नसतो, आणि पन्नाशी ओलांडल्यावरही मला या शांततेत नीट झोप लागत नाही.

कॅमेरा आला तो अण्णांच्या कंपनीतून. एका दिवाळीला मिठाईच्या पुड्याबरोबर कंपनीने प्रत्येक कामगाराला एकेक साधा रोलचा कॅमेरा दिला. कुणाच्या डोक्यातून ती कल्पना निघाली कोण जाणे. बहुतेकांनी तो कपाटात ठेवला, काहींनी मेव्हण्याला देऊन टाकला. अण्णांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे सुमे, तुझे डोळे चांगले आहेत." मी तेव्हा बारावीत होते. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखेच फोटो काढले, म्हणजे माणसं भिंतीला लावून, हात सरळ, पोट आत. मग एके दिवशी बसची वाट बघणारा एक माणूस दिसला. डबा गुडघ्यांत धरून तो शर्टाची बटणं लावत होता आणि वरचं बटण खालच्या काजात गेल्याचं त्याला कळलं नव्हतं. मी काढला फोटो. रोल धुऊन आला तेव्हा छत्तीस फोटोंतला तो एकच जिवंत वाटला. माणूस स्वतःला विसरलेला असतो तेव्हाच तो खरा दिसतो, हे मला त्या वेळी शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्यानंतर मी कुणालाही उभं केलं नाही. आजही कुणी 'स्माइल' म्हणून ओरडलं की मला चीड येते.

त्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणायची सोय नव्हती, त्यामुळे मलाच जवळ जावं लागायचं. मेथी निवडणारी हौसाबाई, टेम्पोच्या सावलीत स्टेपनीवर डोकं ठेवून झोपलेला बाळू, शेडच्या दारात बिडी पेटवताना वाऱ्याला पाठ देणारे वॉचमन पवारकाका, तव्यावरची भाकरी हाताने उलटताना बोट चाटणारी आई. लोक कुरकुरायचे. "अगं, सांगायचं तरी, केस विंचरले असते," म्हणायचे. पण फोटो हातात पडला की गप्प होऊन बघत बसायचे. सगळ्यात हौशी होती ती शेजारची सरू वहिनी. आमच्याच तालुक्यातली, लग्न होऊन आलेली, माझ्याहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी. रोल धुऊन आला की तो आधी तिच्या ओट्यावर उघडायचा असा नियमच होता. आम्ही दोघी चुलीवर भाजलेले दाणे खात एकेक फोटो उजेडाला धरायचो आणि हसून हसून बेजार व्हायचो. तिचा नवरा दत्तूदादा चाकणला प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर होता. पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा, मान खाली घालून. त्याचा फोटो मी काढला नव्हता. शेजारचाच तर माणूस, कधीही काढता येईल, असं वाटायचं.

हौसाबाई पावसाळ्याच्या शेवटी काविळीने गेली. दोन दिवसांनी भर दुपारी तिचा मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याची हजामत केलेली, पायांत चप्पल नाही. म्हणाला, "ताई, आईचा एक फोटो हाय म्हनं तुमच्याकडं." त्यांच्या घरात तिचा एकटीचा असा फोटोच नव्हता. लग्नातल्या घोळक्यात ती होती, पण डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. मी निगेटिव्ह घेऊन त्याच्याबरोबर चौकातल्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्या बाबरमामांनी मेथीची जुडी खालून कापली आणि तेवढा चेहरा मोठा करून दिला. दहाव्याला मी आईबरोबर नदीच्या घाटावर गेले, तेव्हा खुर्चीत हार घातलेली हौसाबाई होती, कुठेतरी बाजूला बघून हसणारी. तिची बहीण फोटोवरून हात फिरवत म्हणाली, "अशीच हसायची बघा." मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, चांगलाच वाटला.

मग बाळू गेला, मोशीच्या पुढे ट्रकखाली. त्याचा तो झोपलेला फोटो बाबरमामांना वापरता येईना, कारण त्यात डोळे मिटलेले. पण त्याच रोलमध्ये चहा फुंकतानाचा एक सापडला. पुन्हा हार, पुन्हा उदबत्ती. आणि दिवाळी झाल्यावर पवारकाका खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्यांचा पुतण्या आला तेव्हा मी दार उघडायच्या आधीच मला कळलं होतं की हा फोटोसाठी आला आहे. त्या दिवशी स्टुडिओतून परत येताना नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी पुढे गेल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "हिनं काढला की मानूस जातंय बघ." कुणी हसलं नाही.

हे आता लिहिताना मला फार सोपं वाटतं. मी तोवर निम्म्या गावाचे फोटो काढले होते. रस्ते ट्रकांनी भरलेले, पाणी गढूळ, प्रत्येक घरातलं एक माणूस कुठल्या ना कुठल्या यंत्रासमोर उभं. अशा ठिकाणी माणसं जाणारच, आणि जी जातील त्यांतली काही माझ्या रोलमध्ये असणारच. पण असा विचार करायला गल्ली तयार नव्हती, आणि खरं म्हणजे मीही नव्हते. रात्री डोळे मिटले की मी फोटोतल्या माणसांची उजळणी करायचे. आई भाकरी उलटतानाचा तो फोटो मी ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली पालथा घालून ठेवला.

त्यानंतर गल्ली बदलली ती हळूहळू. मी दिसले की बायका पदर तोंडावर ओढायच्या. पोरं खेळत असली की कुणीतरी येऊन त्यांना दंडाला धरून आत न्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराच्या गालावर काजळाचा ठिपका दिसायचा. माझ्या हातात कॅमेरा नसला तरीही हे व्हायचं. गिरणीवाला माझं दळण सगळ्यांच्या आधी करून द्यायला लागला, मी लवकर जावं म्हणून. कुणी भांडत नव्हतं, कुणी वाईट बोलत नव्हतं. तेच जास्त भीतीदायक होतं.

आणि मग मागच्या गल्लीतली एक बाई आली. मी तिला ओळखत नव्हते. दुपारची वेळ होती, आई तांदूळ निवडत बसली होती. बाईने उंबऱ्याच्या आत येऊन माझ्यापुढे नारळ ठेवला, त्यावर खण ठेवला, आणि मला हात जोडले. मला, म्हणजे दोन वेण्या घातलेल्या पोरीला. म्हणाली, "बाई, आमचं सासरं खाटंवर पडल्यात. अन्न जात न्हाई, जीव जात न्हाई. अंगाला जखमा झाल्यात. तुमी एकदा या आन त्यांचा फोटू काढा. सुटत्याल बिचारं." ती रडत नव्हती. डॉक्टरला बोलवायला आल्यासारखी ती साधेपणाने बोलत होती. आईच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तांदूळ घरभर सांडले. आईने तो नारळ उचलून बाईच्या हातात परत दिला, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तोवर आई या गोष्टीला नळावरच्या गप्पा म्हणत होती. त्या दिवसापासून ती मला नजर लागू नये म्हणून नव्हे, तर माझी कुणाला लागू नये म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायला लागली.

संध्याकाळी सरू वहिनी आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली. "सुमे, राग मानू नको," ती म्हणाली. "ह्यांच्यावर कॅमेरा धरू नको. प्रेसवर काम हाय त्यांचं. मला शब्द दे."

"वहिनी, तू पण?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला भ्या वाटायलंय. शब्द दे."

मी दिला. तिने माझा हात दाबला आणि गेली. त्यानंतर तिच्या ओट्यावर बसून दाणे खाणं बंद झालं. दत्तूदादा आधीच मान खाली घालून चालणारा, आता आमच्या दारावरून जाताना पावलं भरभर टाकायला लागला. सरूने त्याला बजावून ठेवलं होतं, हे नंतर मला तिनेच सांगितलं.

पुढच्या दसऱ्याला अजून बराच अवकाश होता तेव्हा तात्या आले. ते वाईट माणूस नव्हते. चहा घेतला, बशी खाली ठेवली, बराच वेळ टोपी काढून हातात फिरवत बसले. "अण्णा, पोरीचं काय चुकतंय असं न्हाई म्हणत आमी," ते म्हणाले. "पर लोकं खोल्या सोडाया निघाल्यात. मला बी चाळ चालवायची हाय. एक तर त्यो कॅमेरा घालवा, न्हाईतर तुमी दुसरीकडं बघा. दसऱ्यापतोर बघू, मग ठरवू."

अण्णा सगळं ऐकून घेत होते, निम्मं ओठांवरून वाचत. मग त्यांनी विचारलं, "लोकांचं म्हणणं काय, हिनं फोटो काढला की माणूस मरतंय?"

"तसं म्हनत्यात."

"बरं. तुम्ही मानता?"

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. अण्णा उठले. आमच्याकडे एकच लोखंडी खुर्ची होती, ती त्यांनी उचलली आणि बाहेर गल्लीच्या मधोमध मांडली. अंगात बनियन होतं, त्यावर कामाचा सदरा चढवला, खुर्चीत बसले आणि मला हाक मारली. त्यांची हाक म्हणजे काय, सगळी गल्ली बाहेर आली. "सुमे, कॅमेरा आण. माझा काढ. ह्या सगळ्यांच्या समोर काढ. दसऱ्याला मी ह्याच खुर्चीत बसतो का न्हाई ते बघू दे त्यांना." आई धावत आली. ती अण्णांच्या दंडाला धरून ओढत होती आणि अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून ढिम्म बसले होते. मी म्हटलं, मी नाही काढणार. ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि या वेळी खरोखर हळू बोलले, "तू नाही काढलास तर तू मानतेस असं होईल, पोरी."

मी कॅमेरा आणला. बघणाऱ्या लोकांनी खुर्चीपासून मागे सरून एक मोठा गोल केला होता, कुणालाच कॅमेऱ्याच्या समोर यायचं नव्हतं. पहिल्या शिफ्टचे लोक परतायची वेळ होती, गल्लीच्या तोंडाशी बस थांबल्याचा आवाज आला. मी काचेतून फक्त अण्णांचा चेहरा बघत होते. ते आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यासमोर पोट आत घेऊन, हात सरळ ठेवून बसले होते. मी बटण दाबलं. आईने पदर तोंडात धरला.

आईने एकच अट घातली, रोल धुवायचा नाही. धुतला नाही तोवर तो फोटो झालेला नाही, असं तिचं म्हणणं. अण्णांना दोन आघाड्यांवर लढायचं नव्हतं, ते हो म्हणाले. रोलसकट कॅमेरा आईने फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात खाली घातला.

पुढचे दिवस कसे गेले ते मी कुणाला सांगू शकणार नाही. सगळी गल्ली अण्णांकडे बघत होती. नळावर त्यांना पुढे घ्यायचे, दुकानात स्टूल द्यायचे, म्हातारी माणसं त्यांना 'काळजी घ्या' म्हणायची. अजून जिवंत असलेल्या माणसाला इतका मान मिळालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. अण्णा हसून सगळं घ्यायचे. पण मी बघत होते. हा माणूस चालत्या बसमधून उतरायचा, तो आता बस पूर्ण थांबेपर्यंत दांडीला धरून उभा राहायचा. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचा, थांबायचा, पुन्हा बघायचा. ओव्हरटाइम सोडला. ताप आला तेव्हा कुणी न सांगता डॉक्टरकडे गेला. त्यांना स्वतःच्या मरणाची पर्वा होती असं मला वाटत नाही. दसऱ्याच्या आत आपल्याला साधी ठेच लागली तरी ती आपल्या पोरीच्या नावावर जाणार, हे त्यांना बटण दाबल्यानंतर कळलं होतं. संध्याकाळी कोपऱ्यावर त्यांचा डबा दिसला की आई देवापुढची वात पुढे सारायची. मी लेथचा आवाज ऐकत बसायचे, आणि तो मध्येच बंद पडला तरी उठून दारात यायचे.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात राहणाऱ्या बायकांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. शिफ्टच्या मधल्या वेळेला, म्हणजे बस यायची नसते तेव्हा, कंपनीचा माणूस मोटारसायकलवर गल्लीत शिरला की हातातलं काम तिथेच थांबतं. तो माणूस कधीही नाव घेऊन काही सांगत नाही. तो विचारतो, "घरात मोठं माणूस कोण आहे?" अजूनही तसंच आहे. फोन आले, तरी अशी बातमी द्यायला माणूसच येतो.

दसरा अगदी जवळ आला होता. आई अंगणात गाद्या उन्हात घालत होती. मोटारसायकल आली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, खिशाला कंपनीचं कार्ड. नळ चालू राहिला आणि कळशी भरून वाहायला लागली, पण कुणी तो बंद केला नाही. सगळ्या बायका एकदम आमच्या दाराकडे वळल्या. कुणी आईकडे बघत नव्हतं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरा मी अजून विसरले नाही. मोटारसायकल हळूहळू पुढे आली, आमच्या दारापुढे आली, आणि पुढे जाऊन सरूच्या ओट्याशी थांबली. तो माणूस उतरला, घसा खाकरला आणि म्हणाला, "घरात मोठं माणूस कोण आहे?"

आई मटकन गादीवर बसली. तिच्या तोंडून "आपलं नाही" एवढंच निघालं, आणि लगेच तिने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मीही तेच मनात म्हटलं होतं. सरू दारात उभी होती, हात पिठाचे. ती म्हणाली, "मीच हाय मोठी. दुसरं कोन न्हाई." ट्रेलरवरून पत्र्याची भलीमोठी कॉइल उतरवताना साखळी सुटली होती. दत्तूदादाचं ते कामसुद्धा नव्हतं, तो हात लावायला गेला होता.

त्यानंतर दोन दिवसांत माझ्यावरचं सगळं किटाळ उतरलं. दत्तूचा तर फोटो काढला नव्हता, मग? असं नळावर कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं. गिरणीवाल्याने मला रांगेत उभं केलं. तात्या येऊन अण्णांना म्हणाले, "येडी असत्यात लोकं, मनावर घेऊ नका." एक माणूस मेला होता आणि त्याच्यामुळे माझी सुटका झाली होती. मला त्या सुटकेची शिसारी आली.

मग सरू आली. बऱ्याच दिवसांनी ती आत आली, भिंतीला टेकून बसली. कपाळ मोकळं होतं, मला तिच्याकडे बघवेना. म्हणाली, "सुमे, त्यांचा एक पण फोटो न्हाई ग घरात. लग्नातला होता, तो पुरात गेला. कंपनीच्या कार्डावरचा मागितला, तर त्यात तोंडच उमटलं न्हाई. तुझ्याकडं कुठं असंल का? मागं, कडेला, कुठंपण." मी तिला शब्द दिला होता आणि तो पाळला होता, हे दोघींनाही माहीत होतं. तरी ती विचारत होती. "एवढ्या जनांचे काढलेस," ती म्हणाली, "माझं कशाला ऐकलंस?"

मी सगळ्या निगेटिव्ह बाबरमामांकडे नेल्या. आम्ही दोघांनी एकेक पट्टी उजेडाला धरली. दत्तूदादा कुठेच नव्हता. राहता राहिला तो ज्वारीच्या डब्यातला रोल. आईने तो स्वतःच काढून दिला. अण्णांचा फोटो धुऊन आला तेव्हा मामांनी तो माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या मागे, लोकांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत, बसमधून उतरून घरी निघालेला दत्तूदादा होता. त्याने कॅमेरा पाहिला होता, आणि पूर्ण तळहात तोंडापुढे धरला होता. बोटांच्या फटीतून एक डोळा दिसत होता.

मी तो फोटो वहीत घालून घरी आणला आणि सगळी दुपार त्यावर हात ठेवून बसले. हा सरूला दाखवला तर गल्लीला कळणार, आणि मग दत्तूचाही काढला होता हे ठरणार. त्यानंतर मला या पट्ट्यात कुठल्याही गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं. नाही दाखवला, तर दहाव्याला खुर्ची रिकामी. अण्णा कामावरून आले, त्यांनी फोटो बघितला, स्वतःच्या मागे बघितलं. मग म्हणाले, "खोल्या दुसरीकडं मिळतात." आणि हातपाय धुवायला गेले.

मी तो सरूला दिला. तिने दाराशी उजेडात नेऊन धरला. मला वाटलं आता ही मला मारेल, किंवा ओरडेल, आणि ते मी सहन केलं असतं. ती फोटोतल्या त्या बोटांवरून आपलं बोट फिरवत राहिली. "ऐकलं होतं बघ माझं," ती म्हणाली. "मी सांगितलं तसंच केलं की त्यांनी."

दहाव्याला घाटावर नदीचा वास सुटला होता. बाबरमामांनी अण्णांना कापून तेवढा दत्तूदादा मोठा केला होता, आणि मोठा केल्यावर तळहातावरच्या तेलाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. लोक वाकून बघत होते आणि मग माझ्याकडे बघत होते. कुजबुज सुरू झाली. दत्तूदादाचा चुलता पुढे येऊन म्हणाला, "असला फोटो कुनी ठेवतं का? देवाची तसबीर ठेवा त्यापरीस." सरूने त्याला बाजूला केलं. गंधाची वाटी घेऊन ती खुर्चीपुढे बसली. फोटोत कपाळ दिसत नव्हतं. तिने क्षणभर शोधलं, आणि मग गंधाचं बोट त्या तळहातावर टेकवलं.